ओसाड 'पडलेली' गावे आणि हरवलेला कर्ता

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हरच्या घळईत काढलेली तीस-चाळीस छायाचित्रे धाडली. सोबत मराठीत लिहिलेले दोन पानांचे टिपण होते. छायाचित्रे देखणी होती, यात वाद नाही. झाडांच्या मुळांनी उचकटलेले स्लीपर, शेवाळाने हिरवे झालेले बोगद्याचे तोंड, वेलींनी वेढलेला लोखंडी सांगाडा, आणि या सर्वांवर पसरलेले सकाळचे धुके. टिपणही वाईट नव्हते. परंतु वर्गात व्याकरण शिकवण्याची सवय सुटत नाही. मी हाती पेन्सिल घेऊन त्यातली क्रियापदे अधोरेखित करू लागले. खाण 'बंद पडली'. वस्ती 'उठली'. माणसे 'निघून गेली'. रूळ 'गंजून गेले'. गाव 'ओसाड पडले'. त्या दोन पानांत सकर्मक क्रियापदे नव्हती असे नाही, पण ती सारी लेखकाच्या वाट्याला आली होती. त्याने वाट शोधली, त्याने छायाचित्र टिपले, त्याने शांतता अनुभवली. गावाच्या वाट्याला उरले ते केवळ पडणे, उठणे आणि जाणे.

हा दोष एका टिपणाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ॲपलाचियन डोंगररांगांतील कोळसापट्ट्यात जाऊन जुन्या रेल्वेचे अवशेष धुंडाळणे हा आता एक स्थिरावलेला छंद आहे. त्याची छायाचित्रांची पुस्तके आहेत, नकाशे आहेत, स्वतःची एक भाषा आहे, आणि ती भाषा जवळजवळ सर्वत्र अशीच अकर्तृक आहे. इंग्रजीत ती 'सोडून दिलेले' या विशेषणाआड लपते. कोणी सोडून दिले, हे विचारण्याची गरज उरत नाही. मराठीत तर आपल्याला 'पडणे' हे अत्यंत सोयीचे क्रियापद लाभले आहे. दुष्काळ पडतो, पाऊस पडतो, तसे गावही ओसाड पडते. माझा आक्षेप आहे तो या व्याकरणावर. हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. 'पडले' आणि 'पाडले' यांच्यामध्ये एका कान्याचे अंतर आहे, आणि त्या कान्यात शंभर वर्षांचा इतिहास बुडालेला आहे.

प्रथम रेल्वेचेच पाहू. रेल्वेमार्ग 'सोडून दिला जाणे' ही अमेरिकेत निसर्गाची प्रक्रिया नाही, ती कायद्याची आहे. १९२० च्या वाहतूक कायद्याने असे ठरवले की कोणत्याही रेल्वे कंपनीला आपला मार्ग बंद करायचा असेल तर आंतरराज्य वाणिज्य आयोगाची परवानगी घ्यावी लागेल. म्हणजे अर्ज करावा लागेल, कारणे द्यावी लागतील, हरकती ऐकल्या जातील. १९८० मध्ये स्टॅगर्स कायदा आला आणि ही वाट पुष्कळच सुकर झाली. १९९६ पासून आयोगाची जागा भूपृष्ठ वाहतूक मंडळाने घेतली. तात्पर्य, ज्या रुळांना आपण अनाथ समजून हळहळतो त्यांच्या मागे बहुधा एक फाईल असते, तिच्यावर सह्या असतात आणि तारीख असते. अर्ज मंजूर झाल्यावर कंपनी बहुतेक ठिकाणी रूळ उपटून नेते आणि भंगारात विकते. आपल्याला दिसतात ते उरलेले तुकडे. ज्या कृतीला कायद्याच्या भाषेत कर्ता आहे, अर्जदार आहे, मंजुरी देणारा आहे, ती कृती ललित लेखनात येताच कर्ताहीन कशी होते, हा साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

याच छंदातली आणखी एक विसंगती येथेच नोंदवतो. अवशेष धुंडाळणाऱ्यांची एक आचारसंहिता असते: छायाचित्राखेरीज काही न्यावयाचे नाही. संहिता चांगलीच आहे. पण तिच्या आधारे जुना खिळा किंवा रुळाचा तुकडा भंगारवाल्याला विकणाऱ्या स्थानिक माणसाला 'विध्वंसक' ठरवले जाते. कंपनीने मैलोगणती रूळ उपटून विकले तो व्यवहार. खाणीतून कमी केलेल्या माणसाने गजभर लोखंड विकले ती विटंबना. सौंदर्यदृष्टी इतकी निष्पाप नसते, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

आता ज्या घळईतून ती छायाचित्रे आली तिच्याकडे वळू. या घळईतून चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा मार्ग गेला. तो पुरा करण्यामागे कॉलिस हंटिंग्टन यांचे भांडवल होते, आणि २९ जानेवारी १८७३ रोजी दोन्ही बाजूंनी आलेले रूळ हॉक्स नेस्ट येथे एकमेकांना मिळाले. याच मार्गावर टॅल्कॉटजवळ बिग बेंड हा सव्वा मैलाहून थोडा कमी लांबीचा बोगदा १८७० ते १८७२ या काळात खोदला गेला. पुढे शेजारी दुसरा बोगदा झाला आणि १९७४ पासून जुना वापरातून गेला. आज त्याच्या तोंडाशी उभे राहून छायाचित्र घेणे हा या यात्रेतला एक विधीच आहे. वाफेच्या यंत्राशी पैज लावून खडक फोडणारा, जिंकून तेथेच कोसळणारा कृष्णवर्णीय मजूर जॉन हेन्री हा लोकगीतांचा नायक परंपरेने याच बोगद्याचा मानला जातो, आणि १९७२ पासून तेथे त्याचा पुतळा आहे.

पुतळा झाला की कर्ता सापडला असे आपल्याला वाटते. पण पुतळा हा पुष्कळदा कर्ता लपवण्याचाही मार्ग असतो. या रेल्वेच्या बांधकामासाठी व्हर्जिनिया राज्याच्या तुरुंगातील कैदी भाड्याने देण्यात आले होते; त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, गुलामी कायद्याने संपून जेमतेम काही वर्षे लोटली होती. इतिहासकार स्कॉट नेल्सन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की जॉन हेन्री हा मुळात असाच एक कोवळ्या वयाचा कैदी होता, तो बिग बेंडला नव्हे तर त्याच मार्गावरील लुईस बोगद्यावर राबला, आणि त्याला यंत्राने नव्हे तर फुप्फुसांत गेलेल्या दगडाच्या धुळीने मारले असावे. सर्व अभ्यासकांना हे मान्य नाही. पण ते मान्य केले वा न केले, कैद्यांचे भाडेपत्र हे वास्तव आहे. पैज लावून मरणारा वीर आणि भाड्याने दिलेला कैदी यांत फरक एवढाच, की पहिल्याच्या मृत्यूला तो स्वतःच जबाबदार असतो.

हॉक्स नेस्टला जेथे रूळ जुळले, तेथेच १९३० साली दुसरा बोगदा सुरू झाला. हा रेल्वेचा नव्हे, पाण्याचा. नदीचे पाणी गॉली डोंगराच्या पोटातून वीजकेंद्राकडे वळवण्यासाठी. डोंगरातला दगड जवळजवळ शुद्ध सिलिकाचा होता. सुके छिद्रण करून तो फोडला गेला, धूळ बसवण्यासाठी पाणी वापरण्याची पद्धत ठाऊक असूनही. आत काम करणाऱ्यांतले बहुसंख्य दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. १९३६ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे ४७६ मृत्यूंचा आकडा आला. मार्टिन चेर्निॲक या वैद्यकाने १९८६ मध्ये केलेला अंदाज ७६४ चा आहे. म्युरियल रुकेसर या कवयित्रीने याच घटनेवर १९३८ मध्ये एक दीर्घ कवितामालिका प्रसिद्ध केली; साहित्याने आपले काम केले नाही असे म्हणता येणार नाही. हे काम ज्या कंपनीसाठी झाले तिचे नाव युनियन कार्बाइड.

मराठी वाचकाला हे नाव ठाऊक आहे, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या घळईशी 'आमचा काय संबंध' असे विचारणाऱ्यांना माझे हे पहिले उत्तर आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये जो मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, त्याचे उत्पादन हीच कंपनी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी करीत होती, आणि त्या गावची वस्तीही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची होती. हॉक्स नेस्टपासून इन्स्टिट्यूट मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. ज्या पात्रातून ते पाणी वळवले गेले, तीच नदी पुढे कानावा होऊन इन्स्टिट्यूटच्या जवळून वाहते. घळईतल्या धुक्याचे वर्णन करताना आपला प्रवासी या नदीला 'शांत' म्हणतो.

आता थर्मंड. स्नेह्यांच्या टिपणातले ओसाड 'पडलेले' गाव हेच. विसाव्या शतकाच्या आरंभी आजूबाजूच्या खाणींचा कोळसा येथे गोळा होई, वाघिणी जोडल्या जात आणि वाफेच्या इंजिनांना पाणी-कोळसा मिळे. १९२२ मध्ये बांधलेला काँक्रीटचा कोळसा-मनोरा अजून उभा आहे. १९३० मध्ये डन ग्लेन हे प्रसिद्ध हॉटेल जळाले, मागोमाग मंदी आली, आणि पन्नासच्या दशकात रेल्वेने डिझेल इंजिने स्वीकारल्यावर थर्मंडचे काम संपले. २०२० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या पाच होती. स्टेशनाची इमारत राष्ट्रीय उद्यान खात्याने १९९५ मध्ये दुरुस्त केली, आणि २०२० च्या अखेरीस सबंध घळईला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. विशेष म्हणजे थर्मंडमधले मुख्य रूळ मेलेले नाहीत. गावाच्या मधून आजही गाड्या जातात. गावाची गरज संपली, मार्गाची संपली नाही.

येथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. प्रत्येक ओसाडीमागे एक खलनायक असतोच असे नाही. थर होते ते संपतात, वाफ जाऊन डिझेल येते. खाणींच्या यांत्रिकीकरणाला खुद्द खाणकामगारांच्या संघटनेने, जॉन एल. लुईस यांच्या नेतृत्वाखाली, १९५० च्या करारात मान्यता दिली: चांगले वेतन आणि आरोग्यनिधी यांच्या बदल्यात कमी माणसे. त्या कराराची किंमत पुढे हजारो कुटुंबांनी गाव सोडून मोजली. कर्ता शोधणे म्हणजे आरोपी शोधणे नव्हे. कर्ते अनेक असू शकतात, त्यांत आपल्या पक्षाचेही असू शकतात. पण कर्ताच नव्हता असे म्हणणे निराळे. मॅकडॉवेल या एका काउंटीची लोकसंख्या १९५० मध्ये ९८ हजारांवर होती, २०२० मध्ये ती १९ हजारांच्या आसपास उरली. हे पानगळीसारखे घडलेले नाही. त्यामागे निर्णय होते, आणि निर्णय घेणारे बहुधा त्या काउंटीत राहत नव्हते.

कर्ता गाळण्याची ही कला प्रवाशांनी शोधलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी बफेलो क्रीक येथे खाणीच्या गाळाने अडवलेले धरण फुटले, १२५ माणसे मेली, चार हजारांवर बेघर झाली. धरण पिट्स्टन कंपनीच्या उपकंपनीचे होते. कंपनीच्या बाजूने सांगण्यात आले की ही देवाची करणी. आपल्याकडे देवाची करणी नारळात पाणी घालते. तेथे तिने काळा गाळ घातला. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी समितीने मात्र कंपनीच्या बेपर्वाईवर स्पष्ट ठपका ठेवला. धरण 'फुटले' म्हणणारा प्रवासी आणि ते देवाने फोडले म्हणणारी कंपनी यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला मान्य. पण दोघांचे व्याकरण एकच आहे, आणि व्याकरण हेतू विचारत नाही.

रेल्वे हे या इतिहासातले नेपथ्य नव्हे, पात्र आहे. १९ मे १९२० रोजी मेटवान गावात खासगी गुप्तहेर संस्थेची माणसे आगगाडीने आली, संघटनेत सामील झालेल्या कामगारांची कुटुंबे कंपनीच्या घरांतून बाहेर काढली, आणि परतीची गाडी धरण्यापूर्वी झालेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. पुढल्या वर्षी ब्लेअर डोंगरावर सुमारे दहा हजार सशस्त्र खाणकामगार चालून गेले. काहींनी त्यासाठी आगगाड्या ताब्यात घेतल्या, आणि त्यांना थोपवायला केंद्राचे सैन्य आले. मेटवानच्या घटनेवर जॉन सेल्स यांनी १९८७ मध्ये चित्रपट काढला तो थर्मंडमध्ये चित्रित झाला. म्हणजे ज्या इमारतींपुढे आपण शांतता अनुभवतो, त्या इमारतींना तो इतिहास निदान एकदा उसना घालायला लावला गेला होता. प्रवाशाने तेवढाही आठवू नये?

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की सौंदर्य पाहणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. गंजाचा रंग सुंदरच असतो. विन्स्टन लिंक यांनी १९५५ पासून पाच वर्षे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांची रात्री छायाचित्रे घेतली. ती सुंदर आहेत आणि त्यांत माणसे आहेत. सिग्नलवाला आहे, फलाटावरचा कर्मचारी आहे, आगगाडी शेजारून जात असताना आपल्या घरात बसलेले लोक आहेत. लिंक यांचा ओढा स्मरणरंजनाकडे होता, तरी ज्यांच्या श्रमावर ते यंत्र चालत होते ते त्यांनी चौकटीबाहेर काढले नाहीत. आजचा अवशेषप्रेमी मात्र चौकटीत चुकून कोणी माणूस आला तर थांबतो, तो जाईपर्यंत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्थानिकांनाच पर्यटन हवे आहे. खाणी गेल्या, निदान पाहुण्यांचा पैसा येऊ द्या. हे खरे आहे, आणि दुरून त्यांना शुद्धतेचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. पण पाहुण्यांना काय दाखवायचे हा प्रश्न उरतोच, आणि स्थानिकांनी त्याची उत्तरे दिलेली आहेत. केंटकीतल्या ब्लू हेरन येथे १९३७ ते १९६२ या काळात चाललेली खाणवस्ती जवळपास नाहीशी झाली होती. ती पुन्हा उभारताना घरे, शाळा, प्रार्थनागृह यांच्या जागी केवळ पोलादी चौकटी उभ्या केल्या गेल्या. भिंती नाहीत, खोटे जुनेपण नाही. त्या चौकटींत तेथे राहिलेल्या माणसांच्या ध्वनिमुद्रित आठवणी ऐकू येतात. भिंतींऐवजी साक्ष. आणि २०१५ मध्ये मेटवानला त्या लढ्यांचे संग्रहालय उघडले. पर्यटन आणि स्मृती यांत वैर असते असे नाही. वैर असते ते पर्यटन आणि विस्मृती यांच्या सोयीच्या विवाहाशी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो बहुधा उच्चारला जात नाही, गृहीत धरला जातो: हा सारा भूतकाळ आहे. भग्नावशेषांचे सौंदर्यशास्त्र या एका गृहीतकावर उभे असते. जे संपले तेच रम्य. पण ते संपलेले नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अहवालात नैऋत्य व्हर्जिनियातल्या तीनच दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात काळ्या फुप्फुसाच्या विकाराच्या सर्वांत गंभीर अवस्थेचे ४१६ रुग्ण नोंदले गेल्याचे दिसते. सोपा कोळसा संपत आल्याने पातळ थरांसाठी अधिक दगड कापावा लागतो, आणि दगडात सिलिका असते. हॉक्स नेस्टची धूळ अजून खाली बसलेली नाही.

आणि रूळ? जुलै २०१९ मध्ये ब्लॅकज्युएल ही कोळसा कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कामगारांच्या हाती दिलेले पगाराचे धनादेश वटले नाहीत. केंटकीतल्या हार्लन काउंटीत कंबरलँडजवळ काही खाणकामगार रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसले. त्यांनी खणलेला कोळसा भरलेली गाडी निघणार होती. आमचा पगार द्या, मग ती न्या, एवढीच मागणी होती. बायकामुले आली, तंबू पडले, स्वयंपाक झाला, आणि सुमारे दोन महिने ती नाकेबंदी चालली. पुढे न्यायालयात झालेल्या तडजोडीत थकलेले वेतन देणे भाग पडले. तेथेही रूळ होते, गवत होते, डोंगरातले धुके होते. छायाचित्रांच्या दृष्टीने काही उणे नव्हते. फरक इतकाच, की रुळांवर कर्ते बसले होते.

म्हणून स्नेह्यांना मी लिहिले आहे की पुन्हा जरूर जा. छायाचित्रेही काढा. फक्त परतल्यावर टिपण लिहिताना प्रत्येक 'पडले'पाशी क्षणभर थांबा आणि विचारा: कोणी? अर्ज कोणी केला, मंजुरी कोणी दिली, घर कोणी रिकामे करवले, कोण कोठे गेले? उत्तर मिळेलच असे नाही. तेथे जागा रिकामी ठेवा, ब्लू हेरनच्या चौकटींसारखी. रिकामी जागा ही निदान कोणीतरी असल्याची कबुली असते. वेलींनी ती भरून काढणे ही नव्हे.